लिफ्टच्या टपावर

माझी ताई लिफ्ट दुरुस्त करते आणि उरलेल्या वेळात एकच पुस्तकमालिका वाचते. एकच म्हणजे एकच. सहा भाग आहेत. सहावा संपला की पुन्हा पहिला. त्यातली नायिका शहरातल्या इमारतींत शिरलेली भुतंखेतं हुसकावून लावते. खांद्याला हत्यारांची पिशवी, जिभेला धार, आणि कुणाच्या बापाला घाबरणार नाही. ताई तिला ‘आपली बाई’ म्हणते, जणू शेजारीच राहते. सगळं पाठ झालंय तर पुन्हा काय वाचायचं, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाली, काल जेवलास ना, मग आज कशाला पानावर बसलास? मी मुकाट्याने जेवलो.

आम्ही दोघं आणि आई सातव्या मजल्यावर राहतो. आईचे गुडघे जिन्याचं नाव काढू देत नाहीत. पण संध्याकाळी लिफ्टने खाली जायचं आणि बाकावर बसून मैत्रिणींबरोबर अख्ख्या इमारतीची उणीदुणी काढायची, यात तिचा सगळा जीव. तिला बारीक अक्षर दिसेना, तेव्हा ताईने वाचून दाखवायला घेतलं. काय वाचणार? घरात दुसरं काही असेल तर ना! आईने आधी नाक मुरडलं, पण पहिला भाग संपेपर्यंत म्हातारी चांगलीच रंगली.

दुसऱ्या भागात माशी शिंकली. त्यात एक काळं, लांब हातांचं काहीतरी लिफ्टच्या टपावर बसतं आणि आतल्या माणसाला ऐकू जाईल असं टकटक करतं. ताईने ते प्रकरण आवाज काढकाढून, टेबलावर बोटं वाजवून वाचलं. तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं. इतक्या वेळा वाचून त्यातली भीती पार झिजून गेली होती. आई मात्र ते पहिल्यांदा ऐकत होती, हे आमच्या शहाणीच्या लक्षातच आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आई खाली जाईना. आज गुडघा, उद्या डोकं, परवा मैत्रिणींचाच कंटाळा. दिवसभर खिडकीशी बसून त्या बाकाकडे बघत राहायची. शेवटी मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा ओशाळून म्हणाली, खोटं आहे हे कळतं रे मला, पण पाऊल आत पडत नाही. मी कपाळावर हात मारला. मुलगी लिफ्ट दुरुस्त करणारी, आणि आई लिफ्टला घाबरणारी!

ताईचं तोंड एवढंसं झालं. दोर किती भक्कम असतात, ब्रेक कसा धरतो, सगळं तिने समजावून सांगितलं. आईने मान डोलावली आणि पुन्हा खिडकीशी जाऊन बसली. मग मी ताईला वाट्टेल ते बोललो. तुझ्या बाईपायी आई घरात कोंडली गेली, टाक ती पुस्तकं माळ्यावर, म्हणालो. खरं सांगतो, मला रडूच यायचं बाकी होतं.

ताईने पुस्तकं माळ्यावर टाकली नाहीत. दुसरा भाग काढला आणि तेच प्रकरण पुन्हा वाचलं, या वेळी मनातल्या मनात, अगदी सावकाश. वाचून झाल्यावर मला म्हणाली, आपली बाई आत उभी राहून कुणाला समजावत बसत नाही रे, सरळ टपावर चढते.

रविवारी तिने कामाचे कपडे चढवले आणि आईला लिफ्टपाशी घेऊन ये म्हणाली. दुरुस्तीवाले टपावर उभे राहून तिथल्या बटणांनी लिफ्ट सावकाश चालवतात, ते तिचं रोजचंच. मी आईला धरून आत नेलं. तिची नखं माझ्या दंडात रुतली होती. दार लागलं, आणि वरून टकटक झालं.

आई पांढरीफटक पडली. “वर कोण आहे?”

“मीच आहे, आई. इथे दुसऱ्या कुणाला उभं राहायला जागाच नाही.”

लिफ्ट हळूहळू उतरू लागली. प्रत्येक मजल्याला ताई टकटक करायची. चौथा मजला गेल्यावर आईने काठी उचलली आणि छताला ठोकून उत्तर दिलं. खाली दार उघडलं, समोर बाक, बाकावर मैत्रिणी. पण आई बाहेर पडेना. मान वर करून म्हणाली, “वर धूळ असेल गं. डोक्याला काही बांधलंयस का?”

आता ती एकटीच खाली जाते. आत शिरली की काठीने छताला टकटक करते. वर कुणी नसतं, ताई कामावर असते, तरी करते. सध्या तिसरा भाग चालू आहे. हा संपला की आधी दुसराच पुन्हा घ्यायचा, असं तिने ताईला बजावलंय. टपावरचं तेवढं घाबरण्याच्या नादात नीट ऐकायचं राहिलं म्हणे.