दीडशे फूट केबल

निपाणीत धनपाल अण्णांच्या वखारीत आता तंबाखू नाही. धंदा आटला, मुलगा वृषभ पुण्याला नोकरीला गेला, आणि रिकाम्या वखारीत दर रविवारी संध्याकाळी गाणं ऐकणारी दहा-बारा माणसं जमू लागली. तंबाखूचा वास मात्र भिंतींतून गेलेला नाही. नवा माणूस आत आला की शिंकतो आणि जुने हसतात.

त्या रविवारी अण्णांनी ठरवलं होतं, प्रत्येकानं आपली पहिली मैफल सांगायची, आणि सगळ्यांत जास्त वेळा कुठली कॅसेट ऐकली तेही सांगायचं. सिद्राम तेव्हा कोपऱ्यात बसून इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालत होता. मंडळाचा सभासद तो नव्हता. जनरेटरवाला होता. पण रविवारी त्याला वखारीत काही ना काही काम निघायचंच.

अण्णांच्या पत्नी तारामती आधी बोलल्या. लग्न होऊन महिना झाला होता, बोरगावला बसदीच्या, म्हणजे जैन देवळाच्या, आवारात गाणं होतं, सासूबाईंच्या शेजारी मांडी घालून बसायचं होतं. "गाणं काय आठवत न्हाय बघा. पायाला लई मुंग्या आलत्या, तेवढं आठवतंय."

"व्हय आक्का," कोपऱ्यातून सिद्राम म्हणाला. "मी हुतो तिथं. डिझेलात पाणी आलतं त्या दिवशी."

मग अभिनंदन. तो बेळगावला कॉलेजात फिजिक्स शिकवायचा आणि रविवारी गाडी घेऊन निपाणीला यायचा. त्याची पहिली मैफल चिक्कोडीची. तो सातवीत होता, वडिलांच्या मांडीवर झोपला आणि भैरवी सुरू झाल्यावर जागा झाला.

"चिक्कोडीची व्हय," सिद्राम म्हणाला. "फॅनबेल्ट तुटलता. दोरी वळून बांधलती."

"तू समद्या मैफलींना हुतास रं," अण्णा म्हणाले. "मग तुझी पहिली मैफल कंची?"

सिद्रामनं बॅटरीचं बूच फिरवून बसवलं. "ती अजून व्हायची हाय, अण्णा."

सगळे हसले. तोही हसला. त्यानं गंमत केली आहे असं सगळ्यांना वाटलं.

सिद्रामची आई तानीबाई याच वखारीत तंबाखू चाळायची. तोंडाला फडकं बांधून आठ तास बसायची आणि संध्याकाळी घरी येऊन आणखी आठ तास खोकायची. पोरानं वखारीत पाऊल टाकू नये एवढीच तिची इच्छा होती. म्हणून सतराव्या वर्षी तो एका मांडववाल्याकडे लागला. आधी खांब रोवले, मग दिव्यांच्या माळा लावल्या, मग जयंतीच्या मिरवणुकीत जनरेटरच्या गाड्यावर बसला. तिथून तो कधी उतरलाच नाही. पुढं स्वतःचं मशीन घेतलं, टेम्पो घेतला, पोरीला शिकवलं. सुविधा आता बेळगावात नर्स आहे, पिरनवाडीला राहते.

गाण्याच्या कार्यक्रमाला जनरेटर लांब ठेवतात. त्याच्या आवाजानं गाणं बिघडतं. सिद्रामची केबल दीडशे फूट होती. एवढ्या अंतरावर, शाळेच्या मागं, देवळाच्या मागं, गटाराच्या कडेला, बायकांच्या मोरीपाशी, तो चाळीस वर्षं उभा राहिला होता. कानात कापूस, नजर व्होल्टच्या काट्यावर. मांडवातून त्याच्याकडे यायचा तो फक्त उजेड, तोही कनातीच्या फटीतून. टाळ्या वाजल्या की कनात थरथरायची, त्यावरून गाणं संपलं हे त्याला कळायचं. जागा सोडायची सोय नव्हती. आत पंखे लागले, फोकस लागला की इंजिन दबतं. तेव्हा रेस वाढवायला माणूस तिथं नसेल तर माईक किंचाळतो आणि सगळा मांडव मागं वळून बघतो. लोकांना त्याची आठवण यायची ती तेवढीच.

गेल्या वर्षी सुविधानं त्याला बेळगावला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डावा कान संपला आहे, डॉक्टर म्हणाले. उजवा वर्ष-दोन वर्षं काम देईल.

"मशीन इका आप्पा," सुविधा परतताना म्हणाली. "पिरनवाडीला या. निवांत बसा."

"निवांत बसून काय ऐकू?" त्यानं विचारलं.

त्या रविवारी गप्पांची गाडी शेवटी कॅसेटींवर आली. अभिनंदननं सांगितलं, त्यानं सर्वांत जास्त ऐकली ती मालुबाई नंदगडकरांची बेळगावची मैफल. कॅम्पातल्या एका हॉलमध्ये ती ध्वनिमुद्रित झाली होती. एका बाजूला मराठी अभंग, दुसऱ्या बाजूला कन्नड पदं. तीन कॅसेटी झिजवल्या त्यानं. "पण तिच्यात एक खोट आहे. बाई जिथं जिथं थांबतात तिथं मागं घरघर ऐकू येते. त्या जनरेटरवाल्याला मी वीस वर्षं शिव्या घालतोय."

पाण्याची बाटली हातात तशीच धरून सिद्राम उठून उभा राहिला. "त्यो मीच की, सर."

वखारीत असा हशा उठला की तारामती आक्कांना ठसका लागला. अभिनंदन ओशाळला.

"माझी बी तीच कॅसेट हाय," सिद्राम म्हणाला. "टेम्पोत सारखी लावतो. लोकांस्नी बाई ऐकू येत्यात, मला मी बी ऐकू येतो. अंतऱ्याच्या आधी त्या थांबत्यात बघा, तितं मी रेस वाढवलीया."

"आता तुम्ही न्हाईसा त्यात, सिद्रामअण्णा," अभिनंदन हसत म्हणाला. त्याचा हेतू वाईट नव्हता. उलट त्याला अभिमान होता. त्यानं दोन महिने खपून कॉम्प्युटरवर ती सगळी घरघर काढून टाकली होती. त्यानं फोन स्पीकरला जोडला.

मालुबाईंचा आवाज वखारीत भरला. सिद्रामनं उजवा कान पुढं केला. अंतऱ्याआधी बाई थांबल्या. त्या जागी आता काहीच नव्हतं. नुसती तंबोऱ्याची तार, आणि तिच्याखाली खोल, कोरडी पोकळी. वीस वर्षं ज्या जागेत तो उभा होता ती जागा पुसून स्वच्छ केली होती.

"लई साफ झालंय," तो म्हणाला.

माणसं उठली, चपला घालू लागली, तेव्हा तो अण्णांपाशी गेला. "अण्णा, म्होरल्या महिन्यात मालुबाईंचं गाणं ठेवलंय न्हवं?"

"ठेवलंय. अठ्ठ्याहत्तरीच्या हायत. म्हणाल्या, निपाणी झाली की बास."

"मला त्या दिवशी म्होरं बसायचं हाय. कान हाय तवर."

अण्णांनी त्याच्याकडे बघितलं. "मग मशिनीजवळ कोण? मालुबाईंना बसवू म्हणतोस?"

"जया बसंल."

जयाबाई, त्याची बायको. घरी त्यानं तिला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही.

"जमंल न्हवं तुला?"

"तीस वर्सं डबा घेऊन येतीया तुमच्याजवळ. त्यो काय डोळं झाकून आणला व्हय? बसा जावा म्होरं. एकदा ऐकून घ्या म्हणजे माझ्या डोक्यामागची कटकट तरी जाईल."

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी चारला लाइट गेली. लाइट परत येईल, मशीन नुसतं उभं राहील, अशी सिद्रामला आशा होती. पाच वाजले, सहा वाजले. अण्णांकडचे कार्यक्रम सातला सुरू होतात, कारण निम्मी मंडळी जैन आहेत आणि दिवस मावळायच्या आत जेवून घेतात. साडेसहाला सिद्रामनं वखारीच्या मागं, नाल्याच्या कडेला हँडल मारलं. डिझेल बघितलं. काटा दोनशे तीसवर आला. त्यानं कानातला कापूस काढून खिशात टाकला. जयाबाईनं नवा कापूस स्वतःच्या कानात घातला आणि उलट्या क्रेटवर बसली.

"काटा दोनशे वीसच्या खाली गेला तर..."

"ठावं हाय. जावा."

अण्णांनी त्याला पहिल्या रांगेत, सतरंजीच्या मधोमध बसवलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट होता त्याचा. दोन्ही बाजूंच्या लोकांनी त्याच्यासाठी जरा सरकून जागा केली. पाठीमागं शंभर माणसं बसली होती आणि त्यांतलं कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं, तरी आपली मान दिसतेय असं त्याला सारखं वाटत होतं.

मालुबाईंना एका शिष्येनं धरून आणलं. बसायलाच त्यांना दोन मिनिटं लागली. तंबोरे लागले, आणि त्यांनी सा लावला.

सिद्राम ऐकायला बसला आणि त्याला मशीन ऐकू आलं. मागच्या भिंतीपलीकडे, बारीक, सरळ चाललेलं. शेजाऱ्यांना ते ऐकूही येत नसावं. त्यानं कान ओढून बाईंकडे आणला. तीन-चार सूर आले, आणि कान पुन्हा भिंतीकडे गेला. लोड बरोबर आहे. धूर जास्त होत नसावा. पुन्हा त्यानं कान आणला. दाव्याला बांधलेली शेळी चार पावलं पुढं जाते आणि मानेला झटका बसून थांबते, तसं होत होतं. गाणं त्याच्यापर्यंत तुकड्या-तुकड्यांनी पोचत होतं.

बाईंचा आवाज कॅसेटीपेक्षा खाली उतरला होता. जागा बदलल्या होत्या. तो ज्या वळणाची वाट बघायचा तिथं त्या वळायच्याच नाहीत, आणि भलत्याच ठिकाणी वळायच्या. शेजारचे लोक माना डोलवत होते. कुणीतरी दीर्घ श्वास सोडला. सिद्रामच्या गुडघ्यांवर त्याचे हात घट्ट होते. आणखी जरा वेळानं येईल, त्याला वाटत होतं. आणखी जरा वेळ.

अर्ध्या तासानं मालुबाईंनी तो अभंग घेतला, कॅसेटीतला. अस्थाई झाली. अंतऱ्याआधी त्या थांबल्या. तीच जागा. सबंध वखार थांबली. सिद्राम पुढं झुकला, आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडे इंजिन दबलं. अगदी थोडं. एका श्वासाएवढं.

तो उभा होता. कधी उठला ते त्याला कळलंच नाही.

मालुबाईंनी डोळे उघडले. समोर पांढऱ्या शर्टातला माणूस उभा. "काय झालं हो?" त्यांनी विचारलं. "इतकं वाईट गायलं काय मी?"

लोक हसले. सिद्रामनं हात जोडले. माणसांच्या गुडघ्यांतून वाट काढत तो कडेनं दाराबाहेर पडला.

मागं जयाबाई क्रेटवरच बसली होती. काटा दोनशे तीसवर होता.

"आवाज पडला," तो म्हणाला.

तिनं एका कानातला कापूस काढला. "काय?"

"आवाज पडला मशिनीचा."

"अवो, आत पंखं लावलं कुणीतरी. दबलं जरा. मी रेस वाढवली. सावरलं की लगीच."

"मला वाटलं..."

"तुमास्नी काय वाटायचं ते वाटतंय. जावा माघारी."

तो दाराकडे बघत राहिला. परत जायचं म्हणजे त्या बाईंच्या समोरून जायचं. पण तेवढंच कारण नव्हतं. परत जाऊन बसलो तरी कानानं बसणार इथंच, हे त्याला आता ठाऊक झालं होतं. त्यानं टाकीवर हात ठेवला. टाकी थरथरत होती. हाताला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचाच त्याला राग आला.

"जातासा का न्हाय?"

"न्हाय."

"मग मी जाऊ?"

त्यानं तिच्याकडे बघितलं. "तू?"

"का? रिकामी जागा ठेवून पूजा घालायची हाय तिची?" तिनं दुसऱ्या कानातला कापूस काढला, दोन्ही बोळे त्याच्या हातावर ठेवले, साडीला लागलेल्या डिझेलच्या डागावर पदर ओढला आणि गेली.

कापूस अजून गरम होता. त्यानं तो कानांत घातला. नंतरचे जवळजवळ दोन तास तो काट्याकडे बघत होता. साडेआठच्या सुमाराला त्यानं डिझेल ओतलं. वखारीच्या मागच्या झरोक्यातून उजेड नाल्यावर पडला होता. त्यात डास फिरत होते. दोनदा झरोक्याचं पत्र्याचं झाकण थरथरलं. टाळ्या असाव्यात.

साडेनवाला माणसं बाहेर पडली. धनपाल अण्णा मागं आले. "अरं, बाई इचारत हुत्या, त्यो उठून गेलेला कोण म्हणून."

"काय सांगितलासा?"

"जनरेटरवाला हाय म्हटलं. तर म्हणाल्या, मग बरोबर हाय." आणखी काही बोलावं असं अण्णांना वाटलं असावं. मग गाड्यांचे हॉर्न वाजू लागले म्हणून ते गेले.

सिद्रामनं मशीन बंद केलं आणि कापूस काढला. जयाबाई आली. तिचा चेहरा नुकतं तोंड धुतल्यासारखा दिसत होता. दोघं मिळून केबल गुंडाळू लागली.

"बाई शेवटाला कानडी पद म्हणाल्या," ती म्हणाली. "एकच ओळ. किती येळ म्हणाल्या ती. दरवेळी वायलीच. मला वाटलं आता संपली, तर न्हाय. पुन्ना तीच ओळ, आणि पुन्ना मला नवीन. शेजारची तारामती आक्का रडालती."

"व्हय?"

"तर."

तो ऐकत होता. केबलचा वेढा त्यानं खांद्यावर घेतला.

"साडेआठाला डिझेल घातलं मी," तो म्हणाला. "तवा आत लाइट हलली काय?"

जयाबाई त्याच्याकडे बघत राहिली. "मला काय ठावं? माझं ध्यान गाण्यात हुतं."

ती टेम्पोकडे निघाली. चालता चालता काहीतरी गुणगुणत होती. तिच्या मानेच्या हलण्यावरून ते कळत होतं. मशीन बंद होऊन दहा मिनिटं झाली होती. त्याच्या कानात ते चालूच होतं.