हातवाले काका

काका घरात आले की हत्यारांची पिशवी दाराशी ठेवायचे आणि बराच वेळ तिच्याकडे ढुंकूनही पाहायचे नाहीत. सरळ बाथरूममध्ये जाऊन गिझरला हात लावायचे. आधी थंड पाणी आत जातं तो पाइप, मग गरम पाणी बाहेर येतं तो, मग टाकीचं पोट, शेवटी नळ. आमच्या कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर १० मध्ये, बाकीचे मिस्त्री आल्या आल्या टेस्टर काढत. हे डोळे मिटून उभे. माझ्या सासूबाईंनी त्यांना 'हातवाले' म्हणायला सुरुवात केली आणि मग त्यांचं खरं नाव आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत कोणी विचारलंच नाही. "मीटर खोटं बोलते, हात नाही बोलत," असं ते म्हणायचे. त्यांचं सगळं काम त्या हातावर चालायचं.

मूळचे भंडाऱ्याकडचे. नंदिनी गावच्या चुनखडीच्या खाणीत पंपांची देखभाल करत निवृत्त झाले आणि गिझरदुरुस्ती करू लागले. कशाला, असं विचारलं तर म्हणायचे, "घरी बसलो का बायको काम सांगते. त्यापेक्षा लोकाइचे गिझर बरे."

आमच्याकडे ते पहिल्यांदा आले तेव्हा एका मिस्त्रीनं गिझर बदला म्हणून सांगून झालं होतं आणि यजमान मोबाइलवर नवे गिझर बघत बसले होते. सासूबाईंच्या गुडघ्यांना थंडीत कढत पाण्याचा शेक लागतो, त्यामुळे घाई होती. काकांनी हात लावून घेतला आणि मला विचारलं, "सूनबाई, पहिली बादली गरम येते का?"

"येते. दुसरी कोमट."

"आंदी किती निघे?"

"तीन तरी निघायच्या."

"मंग कॉइल बरी आहे. टाकीत जागाच नाही उरली."

टाकी उघडली तर तळाशी पांढऱ्या खपल्यांचा थर. अर्धं घमेलं भरलं. आमच्याकडचं पाणीच तसं जड. काका घमेल्याकडे बघून म्हणाले, "जिंदगीभर नंदिनीत चुना निघताना पाह्यला, आता लोकाइच्या गिझरातून काढून राहिलो." नवा गिझर आला नाही. यजमान थोडे हिरमुसले, पण सासूबाई खूश.

त्यांची एक खोड मात्र भारी पडायची. खाणीत जो यंत्रावर काम करतो तो मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो, म्हणजे दुसरा कोणी चुकून वीज सुरू करणार नाही. काका हा नियम आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरातही पाळायचे. एकदा काम संपवून गेले ते कुलूप तसंच ठेवून. सकाळी फोन केला तर मोपेडवर आले आणि शरमायचं सोडून मलाच विचारलं, "तोडलं तं नाही ना?" सासूबाई म्हणाल्या, "भाऊ, मले थंड्या पान्यानं आंघोय कराव लागली." काका शांतपणे म्हणाले, "बरं केलं. दुसऱ्याचं कुलूप तोडलं का मानूस मरते."

मागच्या हिवाळ्यात पाणी पुन्हा कोमट झालं, या वेळी पहिल्या बादलीपासूनच. काका आले, कुलूप लावलं, बाहेर येणाऱ्या पाइपावर तळवा ठेवला. ठेवूनच राहिले.

"थंडा आहे," म्हणाले. "कॉइल गेली. टाकी खाली कराव लागते."

टाकी रिकामी करायला त्यांनी खालच्या नळीला पाना लावला. मी शेजारी बादली धरून उभी होते. सहज त्याच पाइपाला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला.

"काका, थांबा. गरम आहे."

"नाही."

"पाणी उकळतंय आत. तुमच्या अंगावर येईल."

त्यांनी पुन्हा तळवा टेकवला आणि माझ्याकडे पाहिलं. मग हात उलटा करून बघितला. तळवा लाल झाला होता. मला वाटलं, मी बोलले नसते तर बरं. लगेच वाटलं, मग ते पाणी त्यांच्या अंगावर आलं असतं. दारातून सासूबाईंनी विचारलं, "भाऊ, शुगर आहे ना तुमाले?"

"पायाले तं समजत नव्हतंच," काका म्हणाले. "हात शाबूत आहे म्हनत होतो मी."

मला रडू आलं. काका स्टुलावर बसले आणि पाना माझ्याकडे न देता नुसतं म्हणाले, "हात तुमचा लावा. मी इचारतो." मी हात लावून सांगितलं, पाइप गरम, नळ कोमट. "आता टाकीत जानारं पानी बंद करा आन् गरम नळ सोडा." नळ वाहतच राहिला. "मंग हे पानी गिझरातून नाही येऊन राहिलं. नवा शॉवर कोनी लावला?" यजमानांनी लावला होता आणि त्याच्या गरम आणि थंड पाण्याच्या दोन्ही चाव्या उघड्या ठेवून नुसतं हातातल्या शॉवरचं बटण बंद करायची सवय माझी. तिथून थंड पाणी गरम लाइनीत शिरत होतं. दोन चाव्या बंद केल्या आणि काम झालं.

पुढच्या आठवड्यात कळलं की काका घरोघर फिरताहेत. ज्यांचे गिझर ते बघायचे त्या प्रत्येकाच्या दारात जाऊन सांगत होते की हात गेला, आता बोलावू नका. आमच्याकडे शेवटी आले. एवढं फिरायची काय गरज होती, कोणाला कळलंही नसतं, असं मी म्हटलं.

"मशीन बिगडली तं चालवनाऱ्यानंच रिपोर्ट द्याव लागते," ते म्हणाले. "दुसऱ्यानं दिली तं शरम आहे."

सासूबाईंनी त्यांच्यापुढे चहाचा पेला ठेवला. काकांनी तो उचलला नाही. सासूबाई पुन्हा आत गेल्यावर पेला माझ्याकडे सरकवून त्यांनी हळूच विचारलं, "सूनबाई, पेन्याजोगा झाला का?"

मी पेल्याला हात लावला. "अजून नाही, काका," म्हटलं, आणि आम्ही दोघं थांबलो.