हाबूशेजारची ओली भुई

ओर्ता आयुष्यभर कुणावर विश्वास ठेवून जगली नाही. मसुराच्या टोपलीवर ती राखेचा पातळ थर पसरायची, त्यावर बोटानं खूण करायची, आणि खूण मोडलेली दिसली की घरातल्या मांजरापासून शेजारच्या किनातपर्यंत सगळ्यांची झडती. नवरा हाबू मेला तेव्हा त्याला रीतीप्रमाणे चुलीपलीकडे, घराच्या भुईतच, गुडघे पोटाशी घेऊन निजवला. मेलेलं माणूस उठू नये म्हणून छातीवर धोंडा ठेवतात. ओर्तानं घरातला फुटका पाटाच ठेवायला लावला. "जिता असताना कधी सांगून गेला नाही मेला. आता कुठं जातो बघते," म्हणाली, आणि मग दिवसभर रडली.

सून मिल्हे डोंगरापलीकडच्या वस्तीतली. तिकडची माणसं गोड बोलून टोपल्या हलक्या करतात, हे ओर्ताचं मत लग्नाच्याही आधीचं. मिल्हे गोडही बोलायची नाही, गप्प असायची. मग तर संशयाला ऊतच.

त्या खेपेला ओर्ता चार दिवस खाडीवर लव्हाळं कापायला गेली होती. मुलगा तारूश हरणांच्या मागे रानात. परत येऊन ओझं टाकलं, आणि तिची नजर थेट हाबूच्या जागेवर गेली. तिथला गिलावा नवा दिसत होता. बोट टेकवलं तर ओला.

"भुई का गं ओली?"

"पाणी सांडलं, आत्याबाई."

"सांडलेलं पाणी चुना कालवून येतं होय?"

ओर्ताला आधी आठवले ते मणी. हाबूच्या गळ्यात हिरव्या दगडाचे मणी होते, सगळ्या वस्तीत तसे दुसरे नव्हते. आणि वडीलधाऱ्यांना न विचारता मेलेल्याची भुई उकरणाऱ्याला वस्तीत पुन्हा छप्पर मिळत नसे, मग तो कुणीही असो.

किनात दारात टेकलीच. "तुझी सून परवा एकटीच चुना भाजत होती बरं का. मी आपलं सांगितलं."

"तू नेहमी आपलं सांगतेसच. थांब तिथंच, साक्षीला लागशील."

भुई आधीच हिनं उकरलीय, आपण नुसतं उघडून बघायचं, असं म्हणत ओर्तानं हरणाच्या शिंगाची कुदळ घेतली. मणी नाहीत एवढं दाखवायचं, की उद्या ही डोंगरापलीकडे. मिल्हे पुढं धावली, तिनं सासूचा हात धरला.

"नका ना, आत्याबाई! हाकलायचं तर आत्ता हाकला. पण उकरू नका."

"चोराच्या मनात चांदणं! सोड हात."

गिलावा मऊच होता, भराभर निघाला. खालचा पाटा जागच्या जागी होता. पाट्याच्या वरच्या अंगाला हाबूच्या मानेची हाडं, आणि त्यांच्याभोवती मणी. सगळे. ओर्तानं दोनदा चाचपून पाहिले. मग तिला हाबूच्या कुशीत कातड्याचं एक लहानसं गाठोडं दिसलं. गाठ सोडली. आत तळहाताहून जरासंच मोठं पोर होतं, शिंपल्यांच्या माळेत गुंडाळलेलं. ती माळ मिल्हेची, माहेरून आणलेली. तिच्या गळ्यात ती नाही, हे खाडीवरून आल्यापासून ओर्ताला दिसलं नव्हतं. राखेवरची खूण जिला दिसायची, तिला घरातल्या सुनेचं पोट दिसलं नव्हतं.

"तुम्ही खाडीवर होतात," मिल्हे हळू आवाजात म्हणाली. "दिवस भरले नव्हते. घरचं माणूसच भुईत निजतं म्हणतात. मी परकी, माझं पोर तुम्ही बाहेर टाकायला लावलं असतं. म्हटलं, आजोबांपाशी असू दे."

ओर्तानं गाठ पुन्हा बांधली, गाठोडं हाबूच्या कुशीत होतं तसं ठेवलं. मग सवयीनं तिचे हात माती चाचपू लागले.

"धोंडा कुठंय याचा?"

"नाही ठेवला."

"का गं?"

"उठलं तर उठू दे म्हटलं."

दारातून किनात मान लांब करून विचारत होती, "काय गं, काय सापडलं? बोलावू का म्हाताऱ्यांना?"

ओर्ता उठून दारात गेली आणि वाट अडवून उभी राहिली.

"काही नाही. पाणी सांडलंय. जा तू घरी."

मग चुना कालवायला तीच बसली.