दगड भरलेली होडी

आज रस्त्यावर डांबर उकळत होतं आणि त्या वासानं मला एकाहत्तर सालचा कृष्णेचा घाट आठवला. कऱ्हाड ते सांगली होड्यांच्या शर्यतीसाठी माझ्या फौजी दादानं सुट्टीत घरीच होडी बांधली होती. फटींत काथ्या ठोकून वर डांबर ओतताना आमचे हात पोळले. मग त्यानं होडीत दगड भरले आणि ती नदीत बुडवली.

"लाकूड फुगलं की फटी मिटत्यात, गड्या."

होडी पाण्यात असतानाच सुट्टी रद्द झाल्याची तार आली.

लढाईनंतर दादा परतला, तोवर शर्यत होऊन गेली होती. होडी तळाशी दिसायची. मी म्हणायचो, "दादा, काढूया की."

"मिटल्या असतील फटी," तो म्हणायचा, आणि लढाईवरून आल्यापासून बसायचा तसा पाण्याकडे बघत बसून राहायचा. तेव्हा मला तो आळस वाटायचा.