विखुरलेल्यांचे परतणे

धंतोलीतील एका रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात भेटलेल्या त्या गृहस्थांचे नाव मला ठाऊक नाही; मध्ये बोलण्याची सवड त्यांनी मला दिलीच नाही. मांडीवर बायबल, हातात मोबाइल. इस्राएलची प्रत्येक बातमी ते एखाद्या भविष्यवाणीशी जुळवत आणि जुळली की समाधानाने चष्मा वर सारत. देव विखुरलेल्या लोकांना परत आणील, त्यांच्याशी नवा करार करील आणि त्यांची जुनी पापे आठवणार नाही, हे त्यांनी मला उत्तम समजावले.

तेवढ्यात त्यांची पत्नी जिना उतरून आली.

"अजी, भाऊजीले ऑपरेशनले नेऊन राहिले. एकदा दादाले पाहू द्या म्हणते. चला ना!"

"बाबाच्या मातीले आला होता का तो?"

"देव पापं आठवत नाही म्हणता, मग तुम्ही काहून आठवून राहिले?"

"देवाले जमते वं. त्याले लहान भाऊ नाही."

शास्त्राचा इतका सोयीचा अर्थ मी प्रथमच ऐकत होतो. बाई डोळे पुसत एकट्याच वर गेल्या. गृहस्थ माझ्याकडे वळले आणि विखुरलेल्यांपैकी कोण कोण अजून परतायचे राहिले आहेत, ते सांगू लागले.