ड्रेन, आणि खालचं खाचर

समोरचं माणूस गप्प, म्हणजे त्याचा होकार आला, असं मी त्या दिवशी धरून चाललो. मास्तरकीची खोड, दुसरं काय! वर्गात ‘समजलं का?’ विचारल्यावर कुणी बोललं नाही की आम्ही पुढच्या धड्याला लागतो.

आदल्याच दिवशी लोणावळ्याच्या शाळेत ड्रेन हा इंग्रजी शब्द शिकवला होता. आपण तांदूळ निथळत ठेवतो, विहीर उपसतो, खाचराचं पाणी सोडतो; साहेब हे सगळं एका ड्रेनमध्ये उरकतो, असं ऐटीत सांगितलं. ते पाणी पुढं कुठं जातं, हे मात्र कुणी विचारलं नाही. मलाही सुचलं नाही.

रविवारी वलवणला आमच्या भाताच्या खाचरावर गेलो. पावसानं रोपं बुडाली होती. पाणी सोडण्याआधी खालच्या खाचरवाल्याला हाक मारायची आणि त्याची ओ येईपर्यंत थांबायचं, ही इकडची रीत. मी हाक मारली. छत्रीखालून, जरा सभ्यपणे. ओ आली नाही. मी बांधावर फावडं मारलं.

खालचं खाचर शेजारच्या मावशींचं. त्यांचं वर्षाचं पोट त्या तुकड्यावर, आणि आवणी, म्हणजे रोपांची लावणी, कालच झालेली. रोपांनी मूळ धरलं नव्हतं. पाण्याचा लोट बघितला तेव्हा हे आठवलं. चिखल टाकला, वाहून गेला. छत्री आडवी लावली, तीही गेली. शेवटी त्या भगदाडात मीच बसलो.

मावशी इरलं सावरत धावत आल्या.

“मास्तर, हितं का बसलायसा?”

“पाणी धरलंय, मावशी. हाक मारली होती मी.”

“मारली आसंल! मी कुटं हुते हितं? आवो, माजी रोपं चालली की!” मी उठू लागलो तशा ओरडल्या, “उठू नगा! धोंडं आणते, तवर जागचं हलू नगा!”

हललो नाही. कमरेच्या दोन्ही बाजूंनी पाणी निसटतच होतं, आणि डोळ्यांदेखत एकेक रोप तरंगत खालच्या बांधाकडे निघालं होतं.

संध्याकाळी बायको पदर खोचून मावशींबरोबर चिखलात उतरली. बांधाला अडकलेली रोपं वेचून दोघींनी पुन्हा लावली. निम्मीच हाती लागली. बाकीची ओढ्यानं नेली. मी मदतीला पुढं झालो, तर दोघी एकदम म्हणाल्या, “तुम्ही बसा.”

घरी चुलीपाशी पाय शेकत बायकोनं पदराला लागलेला चिखल खरवडला. मग म्हणाली, “गेलेली रोपं परत आणायला इंग्रजीत काय म्हणतात हो?”