भूल म्हणजे काय

लेकीची खालची दाढ किडली तेव्हा ती सहा वर्षांची होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुधाची असली तरी काढावी लागेल, आणि तिला घाबरू देऊ नका. सांगायला त्यांचं काय जातंय! दातांच्या दवाखान्याच्या नुसत्या वासाने मीच दारातून परत फिरते. असल्या कामांना नवरा जायचा. मानेसरच्या कारखान्यातल्या त्याच्या नोकरीसाठी आम्ही पुण्याहून गुडगावला आलो, आणि लेक चार वर्षांची असताना तो हार्ट अटॅकने गेला. माझं ऑफिस इथे, तिची शाळा इथे, म्हणून आम्ही दोघी इथेच राहिलो.

मग आठवडाभर आमच्या हॉलमध्ये दवाखाना थाटला. सोफ्यावर उशा रचून खुर्ची, चमच्याचा आरसा आणि हेअर ड्रायरचं मशीन. पेशंट अर्थातच मी. "मुँह खोलो आंटी, और बड़ा," असं दरडावत तिने माझे दात तपासले आणि चॉकलेट बंद करून टाकलं. मी पोट धरून हसले. हसून झाल्यावर मात्र, हे सांगायला आता कुणी नाही, हे फार लागलं. शनिवारी खऱ्या दवाखान्यात जाऊन ती त्या खुर्चीत नुसती वरखाली करून आली. मला वाटलं, जिंकलो.

दाढ काढायच्या आदल्या संध्याकाळी तिने विचारलं, "दुखेल?"

खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. "आधी एक छोटं इंजेक्शन. त्याने भूल देतात. मग काही कळत नाही."

"भूल देतात?"

"हो गं, सगळ्यांनाच देतात," म्हणत मी कुकर लावला. ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसल्यावर तिने तोंड जे मिटलं ते मिटलंच. फुगा झाला, गोष्ट झाली, डॉक्टरीणबाईंचं 'शाबाश बेटा' झालं. शेवटी माझं डोकं फिरलं. "आठवडाभर मग काय नाटक केलंस?" तिने माझा कान ओढून जवळ घेतला आणि रडत विचारलं, "आई, मी बाबाला भूलून जाणार?"

मला आधी काही कळेनाच. मग कळलं. माझ्याशी ती मराठी बोलते, पण शाळेत, खाली खेळताना, लिफ्टमध्ये सगळीकडे हिंदी. तिच्याशी मराठी बोलणारी या शहरात मी एकटी, आणि भूल देणं हा शब्द काही मी रोज वापरत नाही. तिच्या लेखी भूल म्हणजे विसरणं. ते इंजेक्शन देऊन तिचा बाबा काढून घेणार, असं ती कालपासून धरून बसली होती.

"अगं वेडाबाई, विसरायला नाही होत. फक्त दाढ झोपते." मी डॉक्टरीणबाईंना हिंदीत सगळं सांगितलं. त्या तिच्याकडे वाकल्या. "बस दाढ़ सुन्न होगी बेटा. आप जागते रहना."

"पक्का?" तिने मला विचारलं.

"पक्का."

तिने तोंड उघडलं. माझं बोट मात्र शेवटपर्यंत सोडलं नाही.

परतताना रिक्षात, गालात कापूस धरून, तिने स्वतःची परीक्षा सुरू केली. बाबाचा चष्मा काळा. बाबा चहात खारी बुडवायचा. बाबाला कारलं आवडायचं नाही. बोबड्या जिभेने ती एकेक सांगत होती आणि मी "बरोब्बर" म्हणत होते. मला फार बरं वाटत होतं. मग ती अडली.

"बाबा मला झोपवताना बोलायचा ना, तो आवाज नाही आठवत. इंजेक्शनने गेला?"

"नाही राणी. इंजेक्शनने नाही."

मोबाइलमध्ये त्याचे व्हिडिओ आहेत, पण त्यात तो सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्याने बोलतो. तो हळू आवाज कुणी कधी टिपलाच नाही.

"तुला आठवतो?"

"हो."

"मग करून दाखव ना."

मला तो स्पष्ट ऐकू येत होता. मी तिच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "झोप गं आता, झोप माझी राणी."

तिने डोळे मिटून ऐकलं. मग मान हलवली.

"असा नव्हता," ती म्हणाली.